9,499 चा मोबाईल, 5 वर्षं 4 महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लोक बॉक्स उघडल्या उघडल्या रिव्ह्यू टाकतात, मी फोन मेल्यावर टाकतोय. जून 2020 च्या शेवटच्या आठवड्यात घेतला होता आणि 2025 च्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी कायमचा बंद पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, हे मॉडेल आता मिळत पण नाही आणि माझ्या ज्या तक्रारी आहेत ना त्यातल्या अर्ध्याच्या वर कंपनीच्या नाहीतच, त्या कुणाच्या आहेत ते वाचता वाचता कळेल.

आधी घेतला कसा ते सांगतो. मी जळगावला एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात हिशोब बघतो. 22 मार्चला थाळ्या वाजवल्या, 24 तारखेला रात्री 8 वाजता टीव्हीवर 21 दिवसांचं सांगितलं, आणि मग 3 मे, 17 मे, 31 मे असं करत ते वाढतच गेलं. मशीन बंद, कामगार बहुतेक यूपी बिहारचे, ते आधी थांबले मग निघाले. मालकाने अर्धा पगार चालू ठेवला, त्याबद्दल तक्रार नाही, कितीतरी लोकांना तेवढाही नव्हता. तर असा अर्धा पगार हातात आणि जूनमध्ये शाळेचा मेसेज की ऑनलाईन वर्ग सुरू होताहेत, प्रत्येक पाल्याकडे स्मार्टफोन असावा. प्रत्येक पाल्याकडे! घरात पाल्य दोन, पोरगी सातवीत जाणार आणि छोटू पहिलीत, स्मार्टफोन एकच, तो पण माझा, स्क्रीनला कोपऱ्यात तडा गेलेला.

गोलाणी मार्केट बंद होतं. रस्त्यावरची दुकानं सम-विषम का काय त्या हिशोबाने एक दिवस या बाजूची एक दिवस त्या बाजूची उघडत होती पण मार्केट कॉम्प्लेक्सना परवानगी नव्हती, ती मिळाली थेट ऑगस्टमध्ये. तिथे गाळा असलेला एक ओळखीचा पोरगा स्कूटीच्या डिक्कीतून फोन विकत होता. पिंप्राळ्याला एका लिंबाच्या झाडाखाली भेटलो, दोघांच्या तोंडाला रुमाल, त्याने आधी बॉक्सवर सॅनिटायझर मारलं, मग नोटांवर मारलं, मग माझ्या हातावर. 9,499 चा फोन 10,300 ला दिला. माल येत नाही भाऊ म्हणे. आणि वरून सरकारने 1 एप्रिल 2020 पासूनच मोबाईलवरचा जीएसटी 12 चा 18 टक्के केलेला, म्हणजे आख्ख्या देशाची शाळा मोबाईलमध्ये भरायच्या वेळेलाच मोबाईल महाग. हे कुणी ठरवून केलं असं म्हणत नाही, निर्णय मार्चच्या मध्याला झाला होता, पण नंतर कुणाला परत कमी करावासा पण नाही वाटला.

त्याच आठवड्यात 29 तारखेला टिकटॉक बंद झालं, पोरगी दोन दिवस तोंड फुगवून बसली. म्हणजे फोन आला तोच भांडण घेऊन.

आता फोनवर येतो. साडेसहा इंची स्क्रीन, 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोअरेज, 5,000 ची बॅटरी. बॅटरी एक नंबर. खरंच, बॅटरीला पाचपैकी पाच. सकाळी 8 ला पोरीचा वर्ग, 11 ला छोटूचा, दुपारी दोघांचा होमवर्क पीडीएफमध्ये, संध्याकाळी माझ्या मायचा आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, व्हिडिओ कॉल, रात्री आम्हा नवरा-बायकोचं कोरोनाचे आकडे बघणं, एवढं करून 20 टक्के उरायची. माणसांची उरत नव्हती.

स्टोअरेजला मात्र दोन. 32 जीबीतले 12-13 फोनच खाऊन टाकतो, उरलेल्यात दोन शाळांचे ग्रुप. छोटूच्या बाई चांगल्या, जीव तोडून करायच्या, पण रोज 11 व्हिडिओ, 30 पोरांचे हस्ताक्षराचे फोटो, त्यावर 30 आयांचे हात जोडलेले इमोजी. दर रविवारी डिलीट करत बसायचं. एकदा अशाच डिलीटमध्ये एक गोष्ट गेली, ती पुढे सांगतो.

कॉल क्वालिटी चांगली आहे पण 2020 चं सांगू का, फोन लावला की आधी ती कोरोनाची ट्यून. सुरुवातीला तर खोकल्याचा आवाज होता, आठवतंय का? माय फोन कानाला लावून दचकायची, तिला वाटायचं पलीकडे आक्काच खोकतेय. नंतर बाईचा आवाज आला की आजाराशी लढायचं आहे, आजारी माणसाशी नाही. वाक्य चांगलं होतं, दिवसातून वीस वेळा ऐकवलं. आणि आमच्या गल्लीत एक घर पॉझिटिव्ह निघालं तर दोन्ही टोकांना पत्रे ठोकले, हातावर शिक्के मारले, व्हॉट्सॲपवर त्या घराचं नाव गावभर फिरलं, दूधवाला त्यांच्या दारात थांबेना. घरातले सगळे बरे होऊन आले तरी त्यांची सून पुढे कितीतरी महिने गॅलरीत कपडे वाळत घालायला अंधार पडल्यावर यायची. हे मी बघितलेलं आहे. ट्यून सरकारची, पत्रे पण सरकारचेच.

आणि भीती नुसती अफवांची नव्हती ना भो. जून 2020 मध्ये आपल्या जळगावच्याच सरकारी कोविड रुग्णालयात 82 वर्षांच्या आजी बेपत्ता झाल्या आणि आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह तिथल्याच बाथरूममध्ये सापडला. तेव्हा जळगावचा मृत्यूदर देशात गाजत होता. त्या बातमीनंतर मायने मला बसवून सांगितलं की मला काही झालं तर घरीच राहू द्यायचं, दवाखान्यात टाकायचं नाही. तेव्हापासून तिला साधी शिंक आली तरी ती पदर तोंडात कोंबायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. जुलैमध्ये परत जळगाव, भुसावळ, अमळनेर आठवडाभर कडक बंद केलं तेव्हा तर ती ओट्यावर यायची पण बंद झाली, ती जी बंद झाली ती झालीच.

नेटवर्कबद्दल. पिंप्राळ्याला आमच्या घरात आतल्या खोलीत एक कांडी, गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ तीन. त्यामुळे पहिलीचा वर्ग टाकीच्या सावलीत भरायचा, गोणपाट टाकून. उन्हाळ्यात आपल्याकडे 44-45 डिग्री, फोन गरम होऊन आपोआप बंद, स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र. फोन तरी सांगायचा की तापलोय. पण आमचं रडगाणं काहीच नाही, मित्र अक्कलकुव्याकडे मास्तर आहे, त्याच्या पाड्यावर कांडीच नव्हती, तो मोटरसायकलवर फिरून पाच-पाच पोरं झाडाखाली गोळा करून शिकवायचा आणि माहिती मात्र ऑनलाईन भर म्हणून वरून फोन. ती भरायला 20 किलोमीटर घाटाच्या खाली यायचा.

घराघरात फोन तर आले हो. असर म्हणून गावाकडच्या शिक्षणाची एक पाहणी असते, तिच्यात शाळेत जाणाऱ्या पोरांच्या घरात स्मार्टफोन असण्याचं प्रमाण 2018 ला 36.5 टक्के होतं ते 2021 ला 67.6 झालं. एवढी विक्री कुठल्या जाहिरातीने झाली नसती. आणि त्याच असरच्या 2022 च्या पाहणीत देशातल्या गावाकडच्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी 2018 च्या 27.3 वरून 20.5 टक्क्यांवर आली. फोन वाढले, वाचणारी पोरं कमी झाली. तरी आजही लोक म्हणतात आमच्या मुलाला मोबाईलमधलं सगळं येतं.

छोटूचं सांगतो म्हणजे कळेल. पहिली आणि दुसरीचा बराचसा भाग त्याने या साडेसहा इंचात केला. शाळा प्रत्यक्षात भरली तेव्हा अर्धी दुसरी संपत आली होती, 1 डिसेंबर 2021 ला उघडायचं ठरलं, मग जानेवारीत परत बंद, परत 24 जानेवारीपासून चालू. पहिले काही दिवस रडला, ते ठीक, सगळीच रडतात. पण त्याला फळ्यावरचं बघून लिहिता येईना. डोळे तपासले, डोळे चांगले. मग बायको एक दिवस वर्गाच्या खिडकीतून बघून आली. तो फळ्याकडे बघायचा, मग मान खाली वहीकडे, आणि मान खाली गेली की त्याला वाटायचं वाक्य तिथेच राहणार, घाई नाही, तोपर्यंत बाई पुसून पुढे. त्याची ती वही मी ठेवलीय. सगळी वाक्यं मधेच तुटलेली. गाय आपल्याला दू. आमच्या गावात एक न. पावसाळ्यात बेडूक ड्. पानंच्या पानं अशी. फोनवर काय असतं, थांबवता येतं, मागे नेता येतं, बाई कितीदा पण तेच सांगतात आणि चिडत नाहीत.

शू आली तर विचारायचं असतं हेही त्याला माहिती नव्हतं, दोन वर्षं घरचीच मोरी. दुसरीतल्या पोराची चड्डी वर्गात ओली झाली, ती पोरं त्याला अजून चिडवतात, सहावीत गेलाय. यासाठी फोनला किती स्टार कापायचे सांगा?

आणि आता माझा मुद्दा, रागाने लिहितोय, सांभाळून घ्या. या वर्षी पालकसभेत मोबाईलचे दुष्परिणाम यावर पाऊण तास भाषण झालं. मुलांच्या हातात मोबाईल कुणी दिला, पालकांनीच दिला, पालकांनी आत्मपरीक्षण करावं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आम्ही दिला? सहा वर्षांच्या पोराच्या हातात मी मोबाईल देत नव्हतो, सुट्टीत मागायचा तर मारायचो त्याला. शासनाच्या आदेशाने दिला, शाळेच्या मेसेजने दिला, हजेरी त्याच्यावर लागत होती. बरं रोग नवीन होता, पहिले तीन-चार महिने कुणालाच काही कळत नव्हतं, तेव्हा शाळा बंद केल्या यात मी चूक काढत नाही, एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनसाठी लोक गाड्या घेऊन कसे पळत होते ते आपण सगळ्यांनी बघितलंय, लॉकडाऊन थोतांड होतं म्हणणाऱ्यातला मी नाही. नंदुरबारला डॉ. राजेंद्र भारूड कलेक्टर होते, त्यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच ऑक्सिजनचे प्लांट उभे करून ठेवले होते, म्हणजे पुढचं बघून करणारे पण होते. पण हे बघा. राज्यात हॉटेल आणि बार उघडले 5 ऑक्टोबर 2020 ला. देवळं उघडली पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. नववी ते बारावी 23 नोव्हेंबरला, पाचवी ते आठवी जानेवारीच्या शेवटी, तीही थोडे दिवस. आणि पहिली ते चौथी डिसेंबर 2021. बारनंतर चौदा महिन्यांनी! आमच्या चौकातल्या बारमध्ये माणसं मांडीला मांडी लावून शेवभाजी खात होती आणि त्याच्याच वरच्या मजल्यावरची दोन पोरं खिडकीच्या गजाला धरून खाली बघत असायची. पोरांना मत नसतं आणि त्यांच्यावर टॅक्स मिळत नाही, माझं तरी असं मत झालंय, पटत नसेल तर सोडून द्या.

पोरीचं वेगळं. तिला कॅमेरा. फोनचा पुढचा कॅमेरा 8 मेगापिक्सेलचा आणि ब्युटी मोड आपोआप चालू असतो, तो बंद केला तरी अपडेट आलं की परत चालू, कंपनीची खरी चूक ही. तेरा वर्षांची पोरगी रोज चार-चार तास स्वतःचंच तोंड बघत बसलेली, गोरं केलेलं, आणि मग आरशात गेली की वेगळं. हळूहळू तिने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली, मग आवाज बंद, मग हजेरी लावून फोन उशीखाली. आम्हाला वाटायचं आळशी झाली. दुपारी बारापर्यंत झोप, रात्री जागरण, जेवताना एक शब्द नाही. वयच आहे म्हणून सोडून दिलं.

तिची एक मैत्रीण होती, पारोळ्याकडच्या एका खेड्यातली, इकडे मामाकडे शिकायला होती. शाळा बंद झाली तशी गावाला गेली. तिच्याकडे फोन नव्हता, वडिलांच्या फोनवरून रात्री कधीतरी मेसेज करायची. मे 2021 मध्ये तिचं लग्न लावून टाकलं. तेव्हा नियम होता ना, 25 माणसं, दोन तास, जास्त झाले तर 50,000 दंड. लोकांना वाटतं त्या नियमाने लग्नं थांबली. गरिबाला तर ती सवलतच झाली, मंडप नाही, पंगत नाही, आहेर नाही, पोरगी घरात बसून खातेय, शाळा कधी उघडेल माहिती नाही, उरकून टाका. शाळा चालू असती तर चार दिवस आली नाही म्हणून बाईंनी विचारलं तरी असतं, पोरांनी घरी सांगितलं असतं, 1098 ला कुणीतरी फोन केला असता. पोरीने मला हे सांगितलं दोन वर्षांनी. आणि त्या मैत्रिणीचा शेवटचा व्हॉइस मेसेज, तो मी एका रविवारी जागा करायला म्हणून सगळं चॅट साफ केलं त्यात उडवला होता. तिने ओरडून पण नाही दाखवलं. नुसतं म्हणाली, पप्पा त्यात ती हसत होती.

बॅकअप आपोआप घ्यायची सोय या फोनमध्ये आहे, पण नेट महाग म्हणून मीच बंद ठेवली होती. रिव्ह्यू वाचणाऱ्यांनी ती चालू ठेवावी.

स्पीकर. आवाज मोठा पण फाटतो, साध्या गप्पांना चालतो, रडण्याला चालत नाही. हे कसं कळलं ते सांगतो. एप्रिल 2021 मध्ये आबा गेले, माझे मोठे काका, अमळनेरजवळ गावाला असायचे. कोविडमध्येच गेले. बॉडी घरी आणू देत नव्हते, शहरातच अंत्यविधी, चुलतभाऊ एकटा लांब उभा, अंगात तो पांढरा झबला. अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा होती पण 20 नव्हतेच, चार होते, लोक भ्यायलेले. त्याने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही इकडे फोन तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला, माय समोर बसली, मोठी माय, म्हणजे काकू, तिकडे गावाला वेगळ्या फोनवर. नेट अडकलं. पडद्यावर अर्धा धूर आणि भावाचा एक खांदा, तसाच थांबला, आवाज मात्र येत होता, तुटक तुटक, घरघर. माय त्या थांबलेल्या चित्राला हात जोडून बसली. कॉल कधी कट झाला आम्हाला कळलंच नाही, कुणीच फोनला हात लावेना, शेवटी बॅटरी वाचवायला स्क्रीन आपोआप काळी झाली.

आपल्याकडे कसं असतं, माणूस गेलं की दारावर जाऊन बसतात. दहा दिवस, गंधमुक्तीपर्यंत गाव येतं, बाया गळ्यात पडून रडतात, तीच तीच गोष्ट पन्नास वेळा सांगितली जाते की सकाळी चहा घेतला आणि कसं झालं. बाहेरच्याला वाटेल कशाला एवढं. ते सगळं बंद. दशक्रिया घरातल्या पाच जणांत, गंधमुक्तीची पत्रिका व्हॉट्सॲपवर, खाली लिहिलेलं की कृपया आपण आहात तेथूनच श्रद्धांजली वाहावी. मायचं वय 68, शुगर, डॉक्टर म्हणाले बाहेर काढू नका, आम्ही नाही काढलं. मग महिन्याभरात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली, 14 मे. आक्का सुरतला असते, जिल्ह्याच्या हद्दी बंद, ई-पास फक्त दवाखाना आणि मयतीला. सलग दुसरी आखाजी माहेराशिवाय. बायकोने खापरावरचे मांडे केले, आमरस, आणि फोन पाटासमोर उभा करून आक्काला दाखवलं. तिकडे ती पण ताट घेऊन बसलेली. माय बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दिसस, पन हात लावता येस नही." आणि उठून गेली. स्क्रीनचं रिझोल्युशन एचडी प्लस आहे, दिसायला काही कमी नाही.

त्यानंतर मायला रात्री धडधड सुरू झाली. छातीत, मग पोटात, मग हातपाय गार. ईसीजी केले, टूडी इको केला, थायरॉईड केलं, एका ठिकाणी तर गॅसची गोळी दिली सहा महिने. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि माय रात्रभर पलंगावर बसलेली. विचारलं तर म्हणायची, "माले काय व्हयेल नही, फक्त छातीमा धडधड व्हस." पापड-बिबड्यांना शेजारच्या बाया बोलवायला आल्या तर दार लोटून घ्यायची. लॉकडाऊन उठून वर्ष झालं होतं, मास्क गेले होते, तिचा मात्र चालूच होता.

आपल्याला हे आजार म्हणून कळतच नाही ना. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढलं, बायका आणि तरुण पोरांमध्ये जास्त. आपल्या देशात एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या 2019 ला 10,335, 2020 ला 12,526, 2021 ला 13,089. 2020 मध्ये वर्षभर परीक्षांचं काय होणार, वर्ग कुठे भरणार, फी कुठून भरायची, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, त्यात घरात कोंडलेलं. रोजचे पॉझिटिव्ह, रोजचे मृत्यू यांचा आकडा टीव्हीच्या पट्टीवर फिरायचा, हा आकडा कधी फिरला नाही.

आता या फोनने केलेलं सगळ्यात चांगलं काम. 2023 च्या उन्हाळ्यात पोरीने, हो पोरीनेच, कुठेतरी रील बघून 14416 नंबर लावला. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, 10 ऑक्टोबर 2022 पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. लावला होता तिने स्वतःसाठी, ते मला नंतर कळलं. तिचं बोलून झाल्यावर तिने आजीचं पण विचारलं आणि फोन मला दिला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं, औषधाचं नाव वगैरे काही सांगितलं नाही, झोप किती, जेवण कसं, जीव नकोसा झाल्याचं कधी बोलतात का, सरळ विचारलं. आणि एक प्रश्न जो आधीच्या पाच ठिकाणी कुणी विचारला नव्हता, की या काळात घरात कुणी गेलं का, आणि आजींना तिथे जाता आलं होतं का. मी म्हटलं नाही. मग म्हणाल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथे दाखवा, औषध लागेल तर ते देतील, आणि जमलं तर त्यांना एकदा त्या घरी नेऊन आणा. दोन वर्षं झाली मॅडम आता, मी म्हटलं. म्हणाल्या, त्यांच्यासाठी झाली नसतील.

ओपीडीत नेलं, गोळी चालू झाली, तीन आठवड्यांनी झोप लागायला लागली. पुढच्या रविवारी गाडी करून गावाला गेलो. मोठी माय ओट्यावर लसूण सोलत बसली होती. माय गाडीतून उतरली, चपला रस्त्यातच सोडल्या आणि अंगणातूनच सूर धरला, "मी उनू नही वं बाई, मी तुन्हा दारवर उनू नही." म्हणजे मी आले नाही गं, तुझ्या दारावर आले नाही. शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांना वाटलं आणखी कुणी गेलं. मोठी माय पण मग सुरू झाली. दोन वर्षांपूर्वीचं मयत आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून अर्धा तास. लहान पोरं बघायला गोळा झाली. मग कुणीतरी पाणी आणलं, चहा झाला, आणि मोठी मायने सुरुवात केली, सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा चालत गेले होते, स्वतः चालत. माय मान हलवत ऐकत होती. माझा फोन खिशात वाजत होता, मी कट केला.

माय बरी झाली असं लिहिणार नाही. गोळी कमी झालीय, बंद नाही. मेहरूण तलावावर शेजारणींबरोबर जाते, गर्दीत अजून घाबरते. पोरगी बारावीला आहे, बोलते, महिन्यातून एकदा मोकळी होते तेवढं पुरे. छोटूची वाक्यं आता पूर्ण होतात, अक्षर भयंकर.

एकूण रेटिंग विचाराल तर फोन म्हणून साडेतीन. बॅटरी, बांधणी, पडल्यावर न फुटणं, एकदा वरणात पडून पण वाचला. शाळा म्हणून एक, माहेर म्हणून शून्य, मयतीला तर देऊच नये कुणी. ते काम त्याचं नव्हतंच, त्याच्या बॉक्सवर कुठे लिहिलेलं पण नव्हतं.

दिवाळीत बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं. गोलाणीत त्याच पोराकडे नेला, त्याचा गाळा परत जोरात चालू आहे. म्हणाला दुरुस्तीत अर्थ नाही, एक्सचेंजमध्ये 500 देतो, नवीन घ्या, फाईव्ह जी आहे. छोटू बाजूला उभा होता, त्याला मी विचारलं घेऊ का तुला, तो म्हणाला मला नको, क्रिकेटचा बूट घ्या. बूट 1,150 चे बसले. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, आग लागते, ती त्याच्याकडेच काढून दिली. चार्जर अजून चांगला आहे, तो मायच्या रेडिओला लागतो.